मोठ्या आईची वाटी

घटस्थापनेच्या आधीचा रविवार. स्थळ: आमचं गाव भरे, मागच्या दाराची पायरी. हजर: आई, तिची थोरली जाऊ, म्हणजे माझी मोठी आई, आणि आईचा आठवड्याचा गोळ्यांचा डबा भरायला सूसहून आलेली मी.

आईच्या पायांत रोज पहाटे गोळे यायचे. रक्तात मॅग्नेशियम कमी निघालं, म्हणून डॉक्टरांनी त्याच्या क्षाराच्या गोळ्या दिल्या. वेळापत्रक मी फ्रिजवर चिकटवलं होतं: जेवणानंतर एक, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब, जुलाब झाले तर मला फोन. महिनाभरात पायांतले गोळे थांबले.

त्या रविवारी बाटलीत अकरा गोळ्या कमी भरल्या.

"आई, गोळ्या कुठं गेल्या?"

"मुंग्यांनी न्हेल्या," आई म्हणाली.

मोठी आई हसली, पण हसता हसताच तिचे डोळे मिटायला लागले. तिच्या मांडीवर तिची स्टीलची वाटी होती, काकांचं नाव ठोकलेली. वाटीत पाच गोळ्या.

ही वाटी माझ्या जन्माआधीपासून दोघींच्या घरांमधलं अंगण ओलांडते आहे. कधी घेवड्याची उसळ, कधी नुसतं विरजण. ती रिकामी परत जायची नाही. त्या आठवड्यात आईजवळ घालायला काही नव्हतं, म्हणून तिने गोळ्या घातल्या.

"तूप दिलं, गूळ दिला. गोळ्याच तेवढ्या दडवून ठिवू व्हय?" आई माझ्यावरच उखडली.

"आन् तुज्या आईचं पाय तेवढं पाय, माजं काय लाकडाचं हायेत?" मोठी आई म्हणाली. "लई गुण आला बघ. निस्ती झोप येतीया. हातात जोर मातर न्हाई."

मोठ्या आईची फाइलही मीच ठेवते. तिची किडनी कमी काम करते, हे पहिल्याच कागदावर आहे. चांगली किडनी जास्तीचं मॅग्नेशियम लघवीवाटे टाकून देते. दुबळ्या किडनीला ते जमत नाही. मग ते रक्तात साठतं, अंग गळतं, रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते. शिवाय पोट साफ व्हायला ती जे पांढरं पातळ औषध घ्यायची, तेही मॅग्नेशियमचंच.

गोळ्या वाटीसकट पिशवीत टाकल्या, डॉक्टरांना दाखवायला. तिला गाडीत बसवलं आणि पिरंगुटच्या दवाखान्यापर्यंत बोलतं ठेवलं.

"किती बडबडतीस गं," ती म्हणाली. "पडू दे की जरा."

पडू दिलं नाही. रक्तात मॅग्नेशियम वाढलेलंच निघालं. उपचार झाले, आठवड्याभरात ती चालायला लागली. मग दादा, तिचा मुलगा, तिला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. सूसलाच, माझ्यापासून दुचाकीवर दहा मिनिटं.

आईच्या पायांत आता गोळे येत नाहीत. तरी ती पहाटे उठून पायरीवर बसते. अंगणापलीकडे मोठ्या आईच्या दाराला कुलूप असतं. घेवडा अजून दोन घरांचा भिजत घालते आणि मग चार दिवस एकटीच खाते. फ्रिजवरच्या कागदावर मी एक ओळ वाढवली आहे: कोणालाही देऊ नये. ती पहिल्या दिवशीच लिहायला हवी होती. भऱ्याला गेले की अजून माझे कान अंगणाकडे लागतात. मोठी आई उंबऱ्याबाहेरूनच वाटीवर बोट वाजवायची.

पिशवीतली वाटी माझ्याकडेच राहिली. घासून ओट्यावर ठेवली आहे. ती रिकामी न्यायची नाही, एवढं नक्की. पण डॉक्टरांनी तिच्या किडनीसाठी दिलेला आहाराचा कागद समोर घेतला की अडतं. घेवडा: खोडला. शेंगदाण्याचा लाडू: खोडला. दही: किती चालेल, दादाला विचारायचं. त्याला फोन लावते आणि उचलायच्या आत बंद करते.

या आठवड्याच्या यादीत पहिलीच ओळ, मागच्या यादीतून उतरवलेली: मोठ्या आईची वाटी परत करणे.