काडी नसलेला आवाज

जगात आवाजाची चिमूट करून ती तळहातावर चोळून बघणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो आमच्या घराण्यात जावई म्हणून आला, हे आमचं भाग्य. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत माल पारखण्यात त्यांची हयात गेली. चिमूटभर तंबाखू घ्यायची, अंगठ्यानं चोळायची, नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि निकाल सांगायचा. ही सवय इतकी हाडीमासी खिळली होती की भोपळे, ढग, कीर्तनकार आणि सोयरिकी यांचाही निकाल ते तसाच लावत. माझ्यासाठी स्थळ बघायला आले, तेव्हा मुलीच्या वडिलांशी बोलताना त्यांचा अंगठा तळहातावर सारखा फिरत होता. बाहेर पडल्यावर म्हणाले, "पोरगी झकास हाय रं भाच्या. बापात काडी लई हाय." काडी म्हणजे तंबाखूत राहून गेलेले देठाचे तुकडे. निकाल कितपत खरा ठरला हे मी इथं लिहीत नाही, कारण हे सगळं आधी माझी बायको वाचणार आहे.

आतोबा आणि आत्याला मूलबाळ नव्हतं. त्यांचा संसार रेडिओवर चालला होता. संध्याकाळी वखारीतून आले, हातपाय धुतले, की दोघं सोप्यात रेडिओपुढं बसत. कधी सांगली लागे, कधी धारवाड. गाणं मराठी असो की कन्नड, समेवर दोघांच्या माना एकदम हलत. एकाची हलली आणि दुसऱ्याची राहिली असं मी कधी पाहिलं नाही. आणि मग सत्तरचं दशक संपता संपता आत्याचे कान जाऊ लागले. आवाज पोचे, पण "पत्र्यावर वाळू वतल्यागत," असं ती म्हणे. रेडिओ मोठा करावा तर तिचं डोकं दुखे आणि शेजारी खाकरत. डॉक्टरांनी दिलेलं कानातलं यंत्र शिट्टी मारायचं. ते तिनं शेंगांच्या डब्यात ठेवून दिलं. उरलंसुरलं ऐकू येणंही हळूहळू जाणार, असं डॉक्टर बोलून गेले होते. मग रेडिओच्या वेळेला आत्या स्वयंपाकघरात नसलेली कामं काढू लागली. सोप्यात आतोबा एकटेच. समेवर त्यांची मान हलायची आणि हललेली मान तशीच शेजारच्या रिकाम्या पाटाकडं वळायची.

"कान हाईत तवर तिला एकदा नीट ऐकवायचं," त्यांनी मला सांगितलं. "मागनं सोन्याचा रेडिओ आणला तरी काय करायचा?"

बेळगावच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं त्यांना हेडफोनचा उपाय सांगितला. हेडफोन सोपा होता; कॅम्पातल्या जुन्या बाजारात मिलिटरीचा एक मिळाला, असा जड, की घातल्यावर माणसाची मान आपोआप नम्र व्हावी. पण त्याच्यापुढं जोडायला अँप्लिफायर हवा होता. "व्हॉल्व्हचा, काचेच्या नळ्यांचा बघा मालक," दुरुस्तीवाला म्हणाला, "आवाज उबदार येतो. ट्रान्झिस्टरचा टोचतो." उबदार! आतोबांनी तो शब्द पानासारखा गालात धरून ठेवला. काचेमागचे नवे परदेशी अँप्लिफायर आमचे कपडे बघूनच तोंड फिरवत होते. तेव्हा कुणी वापरून टाकलेला, कुणी हौसेनं घरी जुळवलेला, असा खिशाला झेपेल तो शोधायचा ठरला. सल्लागार मी. मी तेव्हा बेळगावात बँकेत नुकताच चिकटलो होतो आणि तिथं विजेवर चालणारं आकडेमोडीचं मशीन होतं, एवढ्या पुराव्यावर आतोबांनी मला विद्युतशास्त्रातला जाणकार ठरवलं होतं. ते मशीन बंद पडलं की मी त्याला थापटी मारत असे. माझं शास्त्र तिथं संपत होतं.

सुट्टी आली की आतोबा निपाणीहून संकेश्वरमार्गे एसटीनं धडकत. काखेत हेडफोन, खांद्यावर टॉवेल. दुकानात शिरल्यावर भाव मराठीत, भांडण कन्नडात आणि अँप्लिफायरशी मात्र ते हिंदीत बोलत: "बोलो भाई, आवाज निकालो." मी विचारलं तर म्हणाले, "परमुलखातलं यंत्र हाय ते. त्येला आपलं कुठनं कळायचं?" मग हेडफोन लावायचा, डोळे मिटायचे, अंगठा तळहातावर फिरवायचा. "कच्चा हाय. पाला वाळायच्या आधी काढलाय." पुढचं दुकान. "ह्यो तिखट. ठसका लागंल तिला." त्याच्या पुढचं. "वरनं बरा वाटतोय, पर काडी हाय रं आत." दुकानदार माझ्याकडं बघत आणि मी, जाणकार, गंभीरपणे मान डोलावत असे.

एकदा टिळकवाडीतल्या एका तरुण दुकानदाराकडचा नग त्यांना बरा वाटला. झालं, खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी दुकानदाराच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. व्यापाऱ्यांत भाव असाच होतो. रुमालाखाली बोटं दाबून, चारचौघांना न कळता. पण तो पडला शिकलेला मुलगा. आधी लाजला, मग घाबरला, मग मला म्हणाला, "साहेब, यांना बरं वाटत नाही का?" आतोबा आणखी जोरात दाबत होते. "बोल की रं, बोटानं बोल!" मुलानं हात सोडवून घेतला आणि नग काचेत परत ठेवला. आतोबा एसटीपर्यंत हळहळत होते: "माल चांगला व्हता. मालकाला यापार न्हवता शिकवला कुणी."

शेवटी हिंडलग्याच्या एका निवृत्त फौजी वायरलेसवाल्यानं स्वतः जुळवलेला, लाकडी पेटीतला एक अँप्लिफायर सापडला. पेटी अशी की आत कबुतर पाळावं. आतोबांनी बराच वेळ ऐकलं. अंगठा फिरता फिरता थांबला. "भाच्या," ते हळूच म्हणाले, "चाळून घेतलाय ह्यो. काडी न्हाय."

निपाणीला पेटी जोडली. आत्या "कशाला हो ही थेरं?" म्हणत पाटावर बसली. आतोबांनी तिच्या कानांवर हेडफोन बसवला, अंबाडा आडवा येत होता तो सोडून खाली घेतला, आणि बटण फिरवलं. आत्याचा चेहरा आधी आक्रसला. वाळूची सवय झालेली. मग सैल झाला. डोळे मिटले. मांडीवरचा हात उठला आणि ठेका धरू लागला. आतोबा माझ्याकडं बघून लहान पोरागत हसले.

आणि तेव्हा आम्हा दोघांच्या एकदम लक्षात आलं की सोप्यात काहीच ऐकू येत नव्हतं. आवाज सगळा तिच्या कानांत होता. इतके महिने काडी शोधली, पण हेडफोन एकालाच पुरतो, हे ना त्यांना सुचलं ना मला, जाणकाराला. मी म्हटलं, "आतोबा, दुसरा एक जोडून घेऊ की." ते आत्याच्या चेहऱ्यावरची नजर न काढता म्हणाले, "नको रं. मला दिसतंय की."

तिथून पुढं दोन-तीन वर्षं त्यांचा रेडिओ असाच चालला. ती ऐके, ते बघत. तिच्या हातावरून ताल ओळखत, भुवयांवरून सूर. "आता अंतरा आला," ते पुटपुटत, आणि समेवर दोघांच्या माना एकदम हलत.

मी शेवटचा तिथं बसलो ती उन्हाळ्यातली संध्याकाळ होती. बाहेर अजून लख्ख होतं. आत्याच्या कानांचं काय राहिलं होतं कुणास ठाऊक. हाक मारायची झाली तर एव्हाना खांद्याला हात लावावा लागे. ती हेडफोन लावून ठेका धरून बसली होती, आतोबा समोर. आणि पेटीवरचा लाल दिवा विझला. लाईट गेली होती. आतोबांची पाठ पेटीकडं होती. त्यांना पत्ता नव्हता. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्यानं एक डोळा किलकिला करून माझ्याकडं पाहिलं, दिव्याकडं पाहिलं, आणि मान किंचित आडवी हलवली. मग डोळा मिटला. तिचा हात क्षणभरही थांबला नव्हता.

"आज लई रंगलंय," आतोबा म्हणाले.