पाच वाजताचं हसणं

हसण्याचे फायदे मला कोणी सांगू नयेत. शाळेच्या स्टाफरूममध्ये कोणी मोबाइल पुढे करून म्हणालं, "दीदी, देखिए, हँसने से बीपी कम होता है," की माझं डोकं सणकतं. फायदे होतात, खोटं कशाला बोलू? माझ्या वडिलांना झालेच की. छातीत कळ येऊन अंगणात पडलेला माणूस वर्षभरात ताठ चालायला लागला. झोप लागायला लागली, बिनमिठाची भाजीही गोड मानून खायला लागला. फक्त हे सगळं कोणाच्या जिवावर झालं, ते मोबाइलमध्ये येत नाही.

बाबा जबलपूरच्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात फोरमन होते. घरात आम्ही हसलो तर त्याला ते दात काढणं म्हणायचे. रिटायर झाल्यावर त्यांना हार्टचा त्रास झाला, तेव्हा डॉक्टर जाताजाता बोलून गेले की यांना ताण देऊ नका, घरात हसतंखेळतं ठेवा, सकाळी हास्य क्लबला पाठवा. दुसऱ्या एखाद्या घरात असं बोलणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं असतं. पण आमचं घर कारखान्याच्या भोंग्यावर चाललेलं. वरून आलेला हुकूम म्हणजे हुकूम! बाबांच्या कानावर वाईट बातमी घालायची नाही, असा कायदाच आईनं करून टाकला. मोठ्या काकूंचं खुब्याचं हाड मोडलं ते लपवलं. माझी बढती अडकली तीही लपवली. शाळेतून त्यांच्याकडे गेले की घरात शिरण्याआधी मी फाटकाशी थांबून चेहरा नीट करायची.

क्लबवाल्यांनी बाबांना सांगितलं की संध्याकाळीही एकदा हसायचं. आता एकट्याला हसू येतं का? म्हणून पाच वाजले की व्हरांड्यात समोरासमोर दोन खुर्च्या, एकीवर बाबा, एकीवर आई. कधी लस्सी घुसळल्यासारखे हात करून हसायचं, कधी सिंहासारखी जीभ बाहेर काढून. सुरुवातीला आई खरंच हसायची. ज्या माणसाला ती जन्मभर वचकून राहिली, तो आमच्या जबलपुरातल्याच गोरखपूर बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यासमोर जीभ काढून बसलेला! मलाही गंमत वाटायची. इतक्या वर्षांनी दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघून राहिले होते, हे काय कमी होतं?

त्या हिवाळ्यात आई हसायला बसताना मांडीवर उशी घ्यायला लागली. हसताना ती उशी पोटाशी गच्च दाबून धरायची, पुढे वाकायची, डोळ्यांतून पाणी यायचं. बाबांनी क्लबमध्ये कौतुकानं सांगितलं की आमची ही तर हसून हसून रडते. क्लबवाले मला रस्त्यात थांबवून म्हणायचे, माताजी का तो जवाब नहीं.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात गेले, तर आई ओट्याला कपाळ टेकवून उभी. घामानं ब्लाउज भिजलेला. विचारलं, तर म्हणाली, दिवाळीपासून पोटात दुखून राहिलं. बाबांना सांगितलं का, म्हटलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खुळी. "त्यांना ताण नको," म्हणाली. वर मला स्वतःची शपथ घातली.

मग डॉक्टरकडेही चोरून. जवळच्या पनागर गावाला मटार आणायला जातो असं सांगून आम्ही दोघी निघालो आणि मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पोटाचे फोटो काढले. म्हणाल्या, अंडाशयाचा कॅन्सर आहे, पोटभर पसरला आहे, इतके दिवस करत काय होता तुम्ही? मी काय सांगणार, हसत होतो म्हणून? परत येताना आईनं रिक्षा थांबवायला लावली. मटार घ्यायचे राहिले होते ना. मटार नसते तर खोटं उघडं पडलं असतं.

घरी येऊन ती शेंगा सोलत बसली. पाच वाजता व्हरांड्यातून हाक आली, "अगं, चल." तिनं पदराला हात पुसले. मी तिचा दंड धरला, म्हटलं, आज नको. तर म्हणाली, "सोड गं. त्यांचं हृदय आहे ते."

आणि तुझं पोट काय दगडाचं आहे? हे माझ्या ओठावर होतं. शपथेनं गिळलं. औषधं सुरू झाली, तीही चोरून. पुढे रोज संध्याकाळी मी दारात उभी राहून एकाच गोष्टीची वाट पाहायची. बाबांनी एकदा हात खाली घ्यावेत, तिच्याकडे नीट बघावं आणि विचारावं, दुखतं का तुला? तेवढंच. विचारलं असतं तर तिला उशी बाजूला ठेवता आली असती, हक्कानं कण्हता आलं असतं. त्यांनी नाही विचारलं. ती हसत राहिली, खुर्चीतून उठता येईना तोपर्यंत.

होळीच्या आत ती गेली. नर्मदेवर, ग्वारीघाटाच्या स्मशानात बाबा लहान मुलासारखे रडले. मला काहून नाही सांगितलं, मला काहून नाही सांगितलं, हेच चाललं होतं. माझाही जीव तुटला तेव्हा. तेरावा झाल्यावर क्लबवाले येऊन त्यांना परत घेऊन गेले. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी त्यांची पाठ थोपटली.

परवा मी शाळेतून बाबांकडे गेले, तर व्हरांड्यात पुन्हा दोन खुर्च्या. म्हणाले, बस थोडा वेळ, एकट्याला हसू येत नाही. मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "बाबा, आई हसत नव्हती. तिला दुखत होतं."

त्यांनी नजर रस्त्याकडे वळवली. मग हळू आवाजात म्हणाले, "समजत होतं मला."

"मग काहून नाही विचारलं?"

"विचारलं असतं तर ती हसायची थांबली असती," बाबा म्हणाले. "आणि मला तेव्हा बरं वाटून राहिलं होतं."