उघडी गाडी

लायसन हातात आलं तेव्हा चिकलठाण्याच्या ट्रान्सपोर्टच्या आवारात दोन गाड्या ड्रायव्हरविना उभ्या होत्या. एक बंद बॉडीची, औषधांची खोकी नेणारी. दुसरी उघडी, तिच्यावर सळ्या, यंत्रं, पोती, जे मिळेल ते. मालक म्हणाला, कोणती घेतोस ते उद्यापर्यंत सांग.

यात ठरवण्यासारखं काही आहे असं आमच्या घरात कुणालाच वाटलं नाही. बंद गाडीत कंपनीची माणसं माल भरतात, दारं लावतात, सील ठोकतात. ड्रायव्हरनं फक्त स्टिअरिंग धरायचं. उघड्या गाडीवर मात्र चढा, ताडपत्री ओढा, दोर आवळा, वाटेत पाऊस आला की पुन्हा चढा. आई तेव्हा गारखेड्यात बांधकामावर विटा वाहायची. ती म्हणाली, "वझं मी लई वाह्यलं. तू बसून काम कर." मलाही इस्त्रीचा शर्ट घालून गाडी चालवायची हौस होती, खोटं कशाला सांगू.

सकाळी मी बंद गाडी मागायलाच गेलो होतो. ट्रान्सपोर्टचा मुनीम चांगला माणूस होता, म्हणजे स्वतःला तसं समजायचा. अगदी मायेनं म्हणाला, "बंदच घे बाबा. उघडी गाडी गावोगाव जाती. हमालांच्या बरोबरीनं दोर ओढायचा, त्यांच्या माठातलं पाणी प्यायचं. त्यात हे नामांतराचे दिवस, तुम्हा लोकांना बघून माणसं बिथरतात. बंद गाडीचं कसं, कुणाचा कुणाला हात लागत नाय."

त्या दिवसांत शहरातल्या निम्म्या भिंती नामांतर झालंच पाहिजे म्हणत होत्या, आणि निम्म्या, होऊ देणार नाही. विद्यापीठाच्या नावासाठी आई दोनदा मोर्चाला जाऊन आली होती, त्यातल्या एकदा पाठीवर लाठीचा वळ घेऊन. आणि हा माणूस मला काच वर करून गुमान जा-ये करायला सांगत होता, तेही माझ्याच भल्यासाठी. माझ्या डोक्यात सणक गेली.

"उघडी द्या," मी म्हणालो.

"दोर बांधता येतो?"

"येतो."

येत नव्हता. ते मुनीमानं ओळखलं असावं. "पहिल्या खेपेत माल हलला तर घरी बसायचं," तो म्हणाला. "मग बंद गाडी पण मिळायची नाय."

आवारात एक म्हातारा ड्रायव्हर होता, सगळे त्याला उस्ताद म्हणत. मेंढपाळांच्या घरातला, बाप घोड्यावर बिऱ्हाड लादून रानोमाळ हिंडलेला. बिऱ्हाड बांधायची बापाची गाठ त्यानं ट्रकवर आणली होती. दोराला मध्येच एक फास घालायचा, दोर खालच्या हुकातून घेऊन पुन्हा त्या फासातून ओढायचा आणि सगळं अंग मागं टाकायचं. घोडं उधळलं तरी गाठ सुटत नसे, आणि मुक्कामाला एका झटक्यात मोकळी होई. "नीट बघ," तो म्हणाला, "दोनदा दाखवणार नाय." आणि खरंच दाखवली नाही. मी रोज बाजेच्या पायाला बांधून बसायचो. आई बघायची आणि भांडी आदळायची, म्हणजे चिडलेली होती.

पहिली खेप गंगापूरच्या जिनिंगमधून सरकीची होती, लातूरच्या तेलगिरणीला. माझ्याबरोबर यायला एकही क्लीनर तयार झाला नाही, म्हणून एकटाच गेलो. हमालांनी पोती चोख रचली. दोर बांधायची वेळ आली तसे सगळे कडुलिंबाखाली जाऊन बसले.

मालावरून दोर पलीकडं फेकायचा आणि पलीकडच्यानं तो धरून ओढायचा, अशी रीत. मी फेकला आणि "ओढा" म्हणून ओरडलो. कुणी ओढेना. वळसा घालून पाहिलं तर दोर धुळीत पडलेला. हमालांचा मुकादम बिडी शिलगावत म्हणाला, "तुमचं नामांतर होऊ दे, मग धरतो की दोर." सगळे खदाखदा हसले.

"तवर गाडी थांबत नाय, मुकादम," मी म्हणालो आणि दोर उचलला.

इकडून फेकायचा, तिकडं जाऊन ओढायचा, बांधायचा, परत इकडं यायचं. तळहात सोलून निघाले. तहान लागली तेव्हा रेडिएटरसाठी ठेवलेल्या डब्यातलं पाणी प्यायलो, पण त्यांच्या माठाकडं बघितलं नाही. तासाभराच्या कामाला अर्धा दिवस लागला. मला रडू येत होतं, आणि त्या लोकांसमोर रडायचं नाही एवढं एकच डोक्यात होतं.

लातूरला एक पोतं जागचं हललेलं नव्हतं. एका झटक्यात गाठ सुटली आणि मी एकटाच मोठ्यानं हसलो. परत आल्यावर मुनीमानं पुढच्या खेपेची चिठ्ठीही गंगापूरचीच दिली. पुढं वाळूजला कारखाने वाढले, नव्या कोऱ्या बंद गाड्या आल्या, मला दोनदा विचारलं गेलं. दोन्ही वेळा नाही म्हणालो. दर हंगामात गंगापूरला जायचो आणि तो दोर एकटाच बांधायचो.

मग एका संक्रांतीला घोषणा झाली. म्हणायला तो नामविस्तार होता, पण आईनं त्याला नामांतरच म्हटलं आणि गल्लीभर साखर वाटली.

पुढच्याच आठवड्यात गंगापूरला सरकी भरली. सवयीनं दोर फेकला आणि वळसा घालायला निघालो, तोच मालावरचा दोर ताणला गेला. पलीकडं जाऊन बघतो तर मुकादम उभा, आता मिशा पिकलेला. "धरतो म्हणलो होतो," तो म्हणाला. त्यानं दोर ओढला, हुकाला गाठ मारली आणि हात झटकले. झाडाखालचे सगळे बघत होते. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच मला भयंकर राग आला.

मी दोरावर हात दाबून पाहिला. मग सगळ्यांदेखत त्याची गाठ सोडली.

"सैल हाय, मुकादम."

त्याचा चेहरा उतरला. वाईट वाटलं असेल तर वाटो. माल हलला असता तर घरी मी बसलो असतो. त्यानं सुटलेला दोर उचलून माझ्यापुढं धरला. मग म्हणाला, "तुझी कशी असती?"

मी दोर हातात घेतला.

"नीट बघा," मी म्हणालो, "दोनदा दाखवणार नाय."