डोडोपुढचा घास

तिसरीच्या टीचरांचे उपकार आधी सांगते, मग बाकीचं. नवऱ्याच्या कामापायी लातूरकडून बेळगुंदीत आले, तेव्हा इथं ओळखीचं एक दार नव्हतं. शाळेत आयाचं काम त्यांनीच मिळवून दिलं. दुपारच्या सुट्टीत जवळ बसवून कागदाचे पक्षी करायलाही त्यांनीच शिकवलं. माझी शाळा पाचवीतच सुटलेली. त्या म्हणायच्या, "घडी घालायला मार्कलिस्ट लागत नाही हो, मावशी."

पृथ्वीवरून कायमचे गेलेले पक्षी मुलांना कळावेत म्हणून हा खटाटोप. डोडोचा तास होता त्याच सकाळी टीचरांना सर्वेच्या कामाला जायचा हुकूम आला. खाकी कागद माझ्या हातात देत म्हणाल्या, "आज तुम्हीच घ्या. तो परत कधीच येणार नाही, एवढं पोरांना कळू दे."

वर्ग मी रोज झाडायची, पण फळ्याकडं पाठ करून मुलांसमोर कधी उभी राहिले नव्हते. चुकलं तर बोल टीचरांना लागणार.

पोरांच्या घड्या नीट झाल्या. जाड पोट, वाकडी चोच, उडता न येणारे एवढेसे पंख. मग सांगितलं, हा समुद्रातल्या एका बेटावर राहायचा. माणसं आली, त्यांच्याबरोबर डुकरं, उंदीर आले, आणि हा संपला.

"म्हैसूरच्या झूमधी आसल की, मावशी," मागून एक पोरगा.

"नाही रे बाळा. कुठंच नाही."

पुढच्या बाकावरच्या मुलीनं डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि आपला डोडो खिडकीत ठेवून त्याच्यापुढं मांडला.

"हे काय गं?"

"मेला न्हवं? मग निवद ठेवाय नको? त्याचं कोण उरलंच न्हाय ठेवाय."

झालं. सगळे डबे उघडले. खिडकीत डोडोंची रांग लागली. बाहेर शेवग्यावर कावळा बसलेला, पण येईना. टीचरांनी तास घ्यायला सांगितला आणि मी वर्गात दहावा मांडून बसले!

"इच्छा राहिली आसल त्याची," एकजण म्हणाला. "आमच्या आज्जाला बी शिवत नव्हता. आप्पानं सांगितलं, म्हस इकत न्हाय. मग शिवला."

"डोडोला काय सांगायचं रं?" मघाच्या झूवाल्या पोरानं मागून विचारलं.

"तू सांग की! झाडावरल्या कवड्यास्नी बेचकी तूच मारतोस."

सगळी हसली. मागच्या त्या पोराचे कान लाल झाले. तो उठला, कागदाच्या चोचीपाशी वाकून पुटपुटला, "न्हाय मारत आता. जा तू."

कावळा नाहीच आला.

"न्हाय येणार व्हय हा परत?" त्यानं डोडोकडं बघत विचारलं.

"नाही," मी म्हणाले. त्यानं मान हलवली. बेचकी खिशातून काढून माझ्या हातात दिली.

संध्याकाळी टीचर आल्या तेव्हा खिडकीत मुंग्या लागलेल्या. मी भीत भीत सगळं सांगितलं. "कळलं म्हणायचं पोरांना," एवढं बोलून त्या माझ्याबरोबर मुंग्या झटकू लागल्या.

उपकार फेडते म्हटलं की त्या रागावतात. पण बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायची आमच्याकडची रीत माझ्या हातात आहे. कधी ना कधी त्यांच्या मुलीच्या घरी पाळणा हलेल, तेव्हा बाळ-बाळंतिणीचं मीच करणार. दुसऱ्या कुणाला बोलवायचं नाही, हा माझा शब्द.