वळणावरचा दगड

लालबागच्या आमच्या चाळीतल्या शेजारच्या काकांनी जन्मभर टेम्पो चालवला. आता ते माझ्या कॉम्प्युटरवरच्या कारखान्याच्या गेममध्ये चुका काढायला येतात आणि वळण आलं की तोंडाने हॉर्न वाजवतात. या गेममध्ये ट्रक एकदा चालवून दाखवला, की पुढे तो तश्शाच फेऱ्या आपोआप मारतो. परवा खाणीपासून भट्टीपर्यंतची फेरी मी काकांना चालवायला दिली. थोड्या वेळाने भट्टीला कोळसा पुरेना. प्रत्येक फेरीत ट्रक वळणावरच्या एका दगडापाशी मिनिटभर थांबत होता.

"काका, हे काय?"

"घाटात देवाला हात न जोडता पुढे जायचं काय रे?"

"तो साधा दगड आहे."

"तू विचारलंस त्याला?"

ते घरी गेल्यावर ती फेरी मी नव्याने चालवायला घेतली. दगड आला आणि माझंच बोट ब्रेकवर गेलं.