लीकेज वाढलं!

रेवा, ईशान, काल व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, अंगणातल्या संत्र्याच्या बुडाशी एवढा खड्डा कसा पडला. आबा कॅमेऱ्यासमोरून पटकन सटकले, म्हणून मीच लिहिते. तो खड्डा मी पाडून घेतला. रीतसर, मशीन लावून.

या उन्हाळ्यात झाडाखालची जमीन अचानक ओली राहू लागली. अमरावतीच्या मे महिन्यात ओली जमीन! जमिनीतला नळाचा पाइप फुटला, हे मी ताडलं आणि आबांना म्हटलं, “अहो, लीकेज आहे.”

“बरं, पाहतो.”

दुसऱ्या दिवशी ओल दुप्पट. “अहो, लीकेज वाढलं!”

“पाहून राहिलो ना!”

मग चिखलच झाला. मी राजापेठेतून गजूभाऊंना बोलावलं. जमिनीत गाडलेला पाइप शोधायचं मशीन आहे त्यांच्याकडे. एक क्लिप नळाला, दुसरी जमिनीत ठोकलेल्या सळईला. लोखंडातून हलका करंट सोडायचा आणि वरून दांडा फिरवत जायचं. खाली पाइप असला की मशीन ओरडतं. (मला हे इतकं पटलं, की शेजारच्या वहिनींनाही समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.)

मशीन नळापासून टीं टीं करत थेट संत्र्याकडे गेलं आणि बुंध्याशी किंचाळलं!

“काकू, पाइप झाडाखालीच हाये. झाड काढा लागते.”

ते झाड तुमच्या आईनं लग्नाआधी लावलेलं. फोनवर ती आधी त्याची चौकशी करते, मग माझी. आबा येऊन बुंध्याला टेकून उभे राहिले.

“आधी मले काढा.”

“आबाजी, मशीन खोटं नाही बोलत.”

“मशीनले संत्री लागतात का?”

शेवटी बाजूनं खणून पाहायचं ठरलं. एक मूळ तुटलं, तेव्हा आबांनी डोळे मिटले. खाली निघालं मीठ, कोळसा आणि त्यात उभा गाडलेला लोखंडी नळा. घराचं अर्थिंग! त्याची तार कुणीतरी पूर्वी नळाला बांधून ठेवली होती. मशीन तिच्या मागे मागे आलं. पाण्याचा पाइप तर प्लास्टिकचा. तो मशीनला कळतच नाही.

“मंग पाणी कुठून येऊन राहिलं?” गजूभाऊंनी कपाळ पुसलं.

“म्या टाकलं,” आबा म्हणाले. “यंदा ऊन लय, म्हणून अर्थिंगले तांब्याभर टाकतच होतो. मंग ही म्हणे लीकेज आहे. मले वाटलं, कूलरचा करंट लीक होते. कूलरमधी पाणी हीच भरते. अर्थिंग सुकलं की शॉक बसते, म्हणून रोज पहाटे बादली ओतली. वाढलं म्हणे, तं दोन ओतल्या!”

गजूभाऊ मशीन गुंडाळताना हसत होते. माझ्या काळजीनं हा माणूस भल्या पहाटे बादल्या वाहत होता, आणि मी पैसे मोजून त्याची चौकशी लावली होती! जन्मभर मुलांना इंग्रजी शिकवलं. घरात मात्र एका इंग्रजी शब्दापायी अंगण उकरून घेतलं.

झाड आहे. एक मूळ कमी आहे, पण यंदा फळ धरलंय.