गोळी कुणाच्या पोटात गेली

आईला आठ दिवस एकच शंका गोचिडीसारखी चिकटून बसली होती: चिमी खोटं बोलली असेल का?

चिमी म्हणजे तिची धाकटी लेक. वय तेहेतीस. गावाला जाणाऱ्या लोकांची कुत्री सांभाळायची. घराच्या मागच्या दोन खोल्या, जाळीचं दार, खुंट्यांवर गळपट्टे आणि खिडकीत बिस्किटांचा डबा, एवढा तिचा पसारा. नऊ वर्षांत तिच्याकडून एकही कुत्रं पळालं नव्हतं की उपाशी राहिलं नव्हतं. लहानपणी हातून फुलदाणी फुटली, तेव्हा कुणी विचारायच्या आत तुकडे ओंजळीत घेऊन वडिलांपुढे उभी राहिलेली ही पोर. म्हणूनच लोक कुत्र्याबरोबर घराची किल्लीही तिच्या हाती देऊन निर्धास्त जात.

गावाला गेलेल्या मास्तरांचा शेठ तिच्याकडे दहा दिवस होता. शेठ म्हणजे त्यांचा तपकिरी कुत्रा. चालायचा तोऱ्यात, म्हणून हे नाव. आला त्या दिवशी त्याची गोचिडींची गोळी द्यायची होती. महिनाभर पुरणारी, मांसाच्या वासाची, बिस्किटासारखी चौकोनी. चिमीने ती दिली आणि वहीत तसं लिहिलं. शेठ घरी गेला आणि आठवड्याभरात तापाने आडवा पडला. कानात, बोटांच्या बेचक्यात टम्म फुगलेल्या गोचिडी.

गोचीड दिसली म्हणून गोळी फुकट गेली असं नसतं, हे जनावरांच्या डॉक्टरांनी मास्तरांना समजावलं होतं. गोळी म्हणजे दाराला कुलूप नव्हे. पाहुणी आत येते, रक्ताचा घोट घेते आणि मग एक-दोन दिवसांत मरते. शंभर टक्के खात्री कुठलीच गोळी देत नाही. पण रक्त पिऊन इतक्या फुगलेल्या, तेही जिवंत? मग गोळी पोटात गेलेलीच नाही, असं डॉक्टरांचं मत पडलं.

मास्तर येऊन दारातच उभे राहिले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"विसरलीस तर विसरले म्हण. पण वहीत खोटं लिहू नकोस."

शेठ औषधाने सावरला. चिमी नाही सावरली. दोन नव्या लोकांना तिने जागा नाही म्हणून परत पाठवलं आणि औषधांच्या दुकानात काउंटरवर माणूस हवंय, तिथे जाऊन बघते, असं ताटावरून उठता उठता सांगून टाकलं. मग एकदम विचारलं, "आई, तुला काय वाटतं, दिली नसेन मी?"

"छे गं," आई म्हणाली. पण म्हणायला तिला क्षणभर उशीर झाला, आणि तो उशीर दोघींनाही कळला.

गुरुवारी सकाळी चिमी पायरीवर चिमटा आणि साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन बसली. पुढ्यात लंगडू. हा कुणाचाच नाही, गल्लीचा. दर आठवड्याला त्याच्या कानातून दहा-बारा गोचिडी निघायच्या. शेठ आला तेव्हापासून मात्र हे राहूनच गेलं होतं. आज वाटी रिकामीच राहिली. मानेपाशी दोन सापडल्या, त्याही वाळून चिपाड झालेल्या.

"याला कुणी गोळी घातली की काय?" चिमी म्हणाली. आठवड्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून थट्टा निघाली होती.

आई हसली नाही. तिचा केरसुणीचा हात थांबला.

चिमी गोळी उकडलेल्या अंड्यात खुपसून द्यायची आणि कुत्रं नाक चाटेपर्यंत समोरून हलायची नाही. नाक चाटलं की गिळलं. शेठ आला त्या दिवशी ती अशीच त्याच्यापुढे बसली होती, आणि टपालवाला सही मागतोय म्हणून हाक कुणी मारली होती? आईने. दुसऱ्या दिवशी कपाटामागून केर काढताना एक तपकिरी चौकोनी तुकडा निघाला, ओलसर, दातांच्या खुणा असलेला. या घरात असले तुकडे केरात रोजच निघत. डब्यातलं बिस्किट, फुकट कशाला घालवा, म्हणून तिने तो पायरीवर लंगडूपुढे टाकला होता. शेठने अंडं गिळलं होतं, गोळी गालात धरून ठेवली होती आणि चिमी उठताच कपाटामागे टाकली होती.

गोळीने आपलं काम चोख केलं होतं. फक्त भलत्याच पोटात जाऊन.

"काय गं, अशी काय उभी?" चिमीने विचारलं.

आईने तिथेच सगळं सांगितलं, हाकेपासून लंगडूपर्यंत. चिमी चिमटा वाटीत ठेवून म्हणाली, "तरी चूक माझीच. मी नाक बघितलं नाही." डोळे पुसून पुढे म्हणाली, "जाऊ दे आता. मास्तरांना काही सांगू नकोस. तुला बोलतील."

बोलतीलच. घर गबाळं आहे म्हणतील, म्हातारीला दिसत नाही म्हणतील, कदाचित शेठला पुन्हा पाठवणारही नाहीत. पण वहीत खोटं लिहिलं, असं तर म्हणणार नाहीत.

आईने केरसुणी भिंतीला टेकवली, पदराला हात पुसले आणि आत जाऊन चष्मा शोधला. मास्तरांचा नंबर चिमीच्या वहीत पहिल्याच पानावर होता.